फोटोत नसलेली कंपनी

भाईंदरहून लोकल सुटली आणि खाडीचा पूल लागला की आबा बोलता बोलता थांबत. पाणजू बेटाच्या अलीकडचा पूल, मग पलीकडचा. नायगाव आलं की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत. खडखडाटात ऐकू येत नसेल म्हणून गप्प बसतात, असं मला लहानपणी वाटायचं.

आबा आमच्या शेजारच्या खोलीतले, मूळचे माणगाव तालुक्यातले. दुसऱ्या पॅरा बटालियनमधून निवृत्त झालेले. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. १९४४ साली इटलीत धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरलेले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीतले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. गावी जाताना आबा एसटीतूनच हात जोडत.

११ डिसेंबर १९७१. लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नूंची सुमारे ७०० जवानांची पलटण तिसऱ्या प्रहरी टांगाइलजवळ आकाशातून उतरली. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा आणि उत्तरेकडून ढाक्याला माघारी निघालेली पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची, एवढंच काम.

‘‘छत्री उघडली की सगळं शांत होतं बघ. विमान लांब गेलं की खालची कुत्री भुंकताना ऐकू येतात.’’ हे सांगताना आबांची मान नकळत खाली वळे, जणू चटईखाली अजून ती भातखाचरं आहेत. काही सामान तळ्यांत पडलं. ‘जय बांगला’ म्हणत गावकरी धावत आले, पाण्यात शिरले, पेट्या डोक्यावर घेऊन चालू लागले. त्या माणसांबद्दल आबा लढाईपेक्षा जास्त बोलत. संध्याकाळी पूल हाती आला, रात्रभर हल्ले परतवले. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय सैन्यात हीच पलटण होती.

एकदा मी त्या उडीचा गाजलेला फोटो हौसेने त्यांना दाखवला. आभाळभर छत्र्या. ‘‘हा आमचा नाही,’’ ते म्हणाले. खरंच नव्हता. आग्र्याच्या जुन्या सरावाचा तो फोटो लष्कराचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी वृत्तपत्रांना दिला होता. ५,००० छत्रीधारी उतरल्याची बातमी जगभर गेली, शत्रूला धडकी भरली. युद्धात ते उपयोगी पडलं. पण माझ्या जिवाला एकच लागून राहिलं : खरे उतरले ते कुठल्याच चित्रात नाहीत.

त्या रविवारी मी दोनशेपानी वही घेऊन बसलो. आबांनी आधी पूल काढला, मग नदी, मग बांध. बांधावर एकेक फुली मारून त्यापुढे नाव. ‘‘गाडी पुलावर आली की मी हेच करतो. कोण कुठे होता, ते मोजतो.’’

एका फुलीपाशी पेन थांबलं.

‘‘याचं नाव गेलं रे डोक्यातून. गाव आठवतं. गाव लिही.’’

मी गाव लिहिलं.