कॉरोनेशन: गिरगावातील एक लुप्त चित्रगृह

गिरगावात सँडहर्स्ट रोडवर कॉरोनेशन नावाचे चित्रगृह होते. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तेथेच प्रथम जनतेसमोर आला. आज ती वास्तू नाही. तारीख तेवढी उरली.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे इतिहासाला आधी मजुरी विचारतो. तारामती झालेले अण्णा साळुंके उपाहारगृहात महिना १० रुपयांवर राबत होते. फाळक्यांनी १५ देऊ केले. हा आकडा आपल्याला कळतो, कारण साळुंके पडद्यावर दिसले. पण मूकपटाचे यंत्र हाताने फिरवणारा, तिकिटे फाडणारा, यांचे काय? इमारत पडली, की त्यांची नावेही ढिगाऱ्यात जातात.

म्हणून आपल्या पेठेतल्या बंद चित्रगृहाचा म्हातारा डोअरकीपर हयात असेल, तर त्याला आजच गाठा आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.