हळद : माजघरातली आणि प्रयोगशाळेतली

मुका मार लागला की आंबेहळद उगाळून तिचा लेप द्यावा, मुरगळलेल्या पायास हळद-चुना लावावा, ही रीत आपल्या घराण्यांनी मूळ गाव सुटल्यावरही बडोद्यास, इंदुरास, हैदराबादेस सोडली नाही. देवांच्या टाकांबरोबर आणि कुळाचाराबरोबर तीही आली. मात्र कुळाचाराची वही असे, लेपाची नसे. जे घरातील प्रत्येक स्त्रीस ठाऊक ते लिहून ठेवावे, असे कुणास वाटले नाही. या न लिहिण्याचे मोल पुढे चांगलेच मोजावे लागले असते, म्हणून हा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हळदीतील पिवळे द्रव्य १८१५ साली युरोपात व्होगेल आणि पेल्तिए यांनी वेगळे केले. त्याच्या रेणूची रचना १९१० मध्ये उलगडली. हेच करक्युमिन. शंभर भाग हळदीत ते जेमतेम दोन ते पाच भाग असते. परंतु द्रव्य ओळखणे निराळे आणि त्याचा गुण पारखणे निराळे. त्यासाठी आधी सूज मोजता आली पाहिजे. आणि सूज ही काही धान्यासारखी मापात घालता येणारी वस्तू नव्हे.

ती युक्ती १९६२ साली अमेरिकेतील विंटर, रिस्ले आणि नस या तिघा संशोधकांनी रूढ केली. तांबड्या समुद्रशेवाळापासून निघणारा कॅराजीनन नावाचा चिकट पदार्थ उंदराच्या मागच्या पंजात टोचायचा. दोन-तीन तासांत पंजा सुजतो. तो पाऱ्यात बुडवून किती पारा सरकला हे पाहायचे. एका गटास आधी औषध दिलेले असते, दुसऱ्यास नसते. दोहोंच्या सुजेतील फरक हाच औषधाचा गुण. आइस्क्रीम दाट करण्यास जे शेवाळ चालते तेच टोचले असता दाह उत्पन्न करते, ही गंमत आम्हांस नमूद करावीशी वाटते. या प्रयोगात उंदरांना होणाऱ्या वेदनांचा विचार मात्र त्या काळच्या लेखनात फारसा दिसत नाही.

लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था त्या काळी नबाबांच्या छत्तर मंझिल या राजवाड्यात होती. तेथे श्रीमल आणि धवन यांनी करक्युमिन या कसोटीस लावले व १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुलनेस त्या वेळचे प्रचलित औषध फेनिलब्युटाझोन घेतले होते. ताज्या सुजेवर करक्युमिन त्याच्या तोडीचे ठरले. जुनाट दाहावर मात्र त्याचा गुण निम्माच भरला. आम्हांस या निबंधातील हा दुसरा भागच अधिक मोलाचा वाटतो, कारण स्वदेशी वस्तूची परीक्षा स्वदेशात होत असूनही उणे ते उणे म्हटले गेले. १९८६ मध्ये सातोस्कर, शहा व शेणॉय यांनी शस्त्रक्रियेनंतर सूज आलेल्या रुग्णांवर हीच तुलना केली. रिकाम्या गोळीपेक्षा करक्युमिनचा गुण सरस दिसला.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे! वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्यास हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक तेव्हा गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. फेरतपासणीत ग्राह्य पुरावा एकच : छापील मजकूर. घरोघरीच्या आज्या साक्षीस उभ्या केल्या असत्या तरी त्यांचे कुणी ऐकले नसते. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी धरून ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटाचे दावे फेटाळले गेले.

त्या विजयाच्या भरात हळद सर्वरोगहारी असल्याची जाहिरात सुरू झाली, ती मात्र पटत नाही. पोटात घेतलेले करक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मिऱ्यातील पाइपरिनची जोड देऊन माणसांच्या रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे वीसपट वाढलेले दाखवले. पण मुळात अत्यल्प असलेले वीसपट झाले तरी किती? २०१७ मध्ये नेल्सन व सहकाऱ्यांनी तर परीक्षानळीतील कसोट्यांवरच बोट ठेवले. हा रेणू टिकाऊ नाही, नाना प्रथिनांस चिकटतो, स्वतःच प्रकाशमान होतो. म्हणून गुण नसतानाही यंत्रास गुण दिसल्याचा भास होतो. उंदराच्या पंजावर दिसलेली उतरलेली सूज या आक्षेपाने खोटी ठरत नाही, परंतु नळीतील पुष्कळ निष्कर्ष पुन्हा तपासणे भाग पडते.

शिवाय आंबेहळद ही वनस्पतीच निराळी आहे, आणि वर सांगितलेल्या रुग्णांनी करक्युमिन पोटात घेतले होते. सहाणेवर उगाळून कातडीवर दिलेल्या लेपाविषयी या प्रयोगांतून होकारही मिळत नाही, नकारही नाही.