वंशावळीत नसलेल्या लेकी

सातारा-सांगलीकडे मोठा आजार निघाला की घरात आधी कोणीतरी म्हणतं, “मिरजेला न्या.” विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं, तेव्हापासूनची ही सवय. आज आपण अशाच एका आजाराचा, प्रोस्टेटच्या कर्करोगाचा, इतिहास पाहू. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी.

१९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल सुरू झालं. त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की पुरुषी हार्मोनचा पुरवठा तोडला तर पसरलेला हा कर्करोगही मागे हटतो. पण बहुतेकदा तो काही काळाने पुन्हा उलटतो. अशा रुग्णांचं आयुष्य डोसेटॅक्सेल या केमोथेरपीने वाढतं, हे सिद्ध व्हायला २००४ उजाडलं. वाढ मात्र काही महिन्यांची होती.

तोवर वैद्यक विचारत होतं, रोग कुठे आहे? १९९५ मध्ये बीआरसीए-२ हे जनुक सापडलं आणि दुसरा प्रश्न पुढे आला: रोग कशामुळे आहे? हे जनुक पेशीतला तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याच्या कामी येतं. ते बिघडलं की कर्करोगाचा धोका वाढतो. पण तीच त्या रोगाची दुखरी नसही आहे. कार्बोप्लॅटिनसारखं औषध डीएनएला इजा करतं आणि बिघडलेल्या पेशीला ती भरून काढता येत नाही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण निवडीला आता कारण असतं.

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने यात का बोलावं? कारण इथे प्रश्न कर्तव्याचा आहे. हा बिघाड नुसता गाठीत घडलेला असेल, तर तो मुलांकडे जात नाही. जन्मजात असेल, तर प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. मुलीला त्यातून स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका संभवतो. आमच्या पिढीने वंशावळी लिहिल्या, त्यांत लेकी नाहीत. असलं दुखणं बाप सांगतो तेही थोरल्या मुलालाच. जनुकाला ही रीत ठाऊक नाही.

म्हणून डॉक्टरांना जनुकतपासणीबद्दल विचारा. आणि सांगलीच्या बापाची लेक साताऱ्याला नांदत असेल, तर निकाल तिलाही कळवा. तो तिचाही आहे.