किती जणांपैकी?

मंडळी, आज राजकारण नाही. रस्ता नाही, नगरपालिका नाही. आज थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा रात्री तिची उजळणी चालली होती. एका वहीत हृदय, रक्ताभिसरण. दुसऱ्या वहीत सरासरी, प्रमाण विचलन. वैतागून म्हणाली, "बाबा, गणित सुटावं म्हणून बायॉलॉजी घेतलं, आणि इथेही गणितच. हृदयाचा आणि सरासरीचा संबंध काय?"

मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला. तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग दोन-चार दिवस वाचत बसलो. जे सापडलं ते तिला सांगितलं, आता तुम्हाला सांगतो. शेवटी माझीही एक चूक सांगायची आहे.

गोष्ट सुरू होते विल्यम हार्वे या इंग्लंडच्या डॉक्टरपासून. जन्म 1578. शिक्षण इटलीत पादुआला, पुढे राजाचा वैद्य. त्या काळी युरोपात गेलन या जुन्या ग्रीक वैद्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. गेलनचं म्हणणं असं, की खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त बनतं, ते अंगभर जातं आणि तिथेच जिरतं. पाटाचं पाणी शेतात जिरतं तसं. रोज नवं रक्त बनतं, रोज संपतं. चौदाशे वर्षं डॉक्टर हेच शिकत होते.

हार्वेने साधा हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त त्याने मुद्दाम कमी धरलं. अगदी एक ड्रॅम, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम. अर्ध्या तासाचे ठोकेही कमीत कमी धरले, हजार. गुणाकार करा: अर्ध्या तासात चार किलोच्या आसपास रक्त. मेंढीच्या अंगात सगळं मिळून चारेक पौंड, म्हणजे दोन किलोच्या आतबाहेर रक्त असतं, हे त्याने स्वतः पाहिलेलं होतं. मग माणूस अर्ध्या तासात असं काय खातो की एवढं रक्त नव्याने तयार व्हावं? शक्यच नाही. म्हणजे रक्त जिरत नाही, तेच तेच फिरून परत येतं.

1628 साली त्याचं पुस्तक आलं. धमन्यांमधून शिरांमध्ये रक्त नेमकं कुठून जातं, हे त्याला दिसलं नव्हतं. त्या केशवाहिन्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या 1661 मध्ये. तोवर हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे डोळ्यांनी दिसायच्या तेहतीस वर्षं आधी ती वाट गुणाकाराने सांगितली होती.

आजचे आकडे लेकीच्या वहीत आहेत. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके. गुणाकार पाच लिटर. दिवसाचे सात हजार लिटरच्या वर. आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो पाच हजार लिटरचा टँकर आठवा, तसा जवळपास दीड टँकर. आणि अंगात रक्त किती? पाचेक लिटर. टँकर दीड आणि रक्त पाचेक लिटरच, म्हणजे पाणी फिरून फिरून तेच येतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चौदाशे वर्षांत हा हिशेब मांडला गेला नव्हता.

आता गोष्टीतली गंमत, खरं तर दुःख. रक्त फिरतं आणि अंगात मोजकंच असतं, हे कळूनही रोग्याचं रक्त काढायची रीत थांबली नाही. ताप आला, काढा रक्त. छातीत कफ, काढा रक्त. खुद्द हार्वेही त्या उपचाराच्या बाजूचाच होता. आपल्याकडेही तुंबडी लावणारे गावोगाव फिरायचेच, त्यामुळे युरोपला हसायचं कारण नाही. शरीर कसं चालतं हे कळणं एक, आणि उपचार लागू पडतो का हे कळणं दुसरं.

हे दुसरं काम मनावर घेतलं पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरने. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ब्रुसे नावाच्या बड्या डॉक्टरचा दबदबा होता. त्याच्या मते बहुतेक रोगांवर जळवा लावणं हाच इलाज. 1833 साली फ्रान्सने चार कोटींच्या आसपास जळवा आयात केल्या म्हणतात. सगळा देश जळवांवर चाललेला, आणि फायदा होतो का, हे कुणी मोजलेलं नाही.

लुईने रुग्णालयातल्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. न्यूमोनियाचे 77 रोगी. त्यांतल्या 41 जणांचं रक्त आजाराच्या पहिल्या चार दिवसांत काढलं होतं, 36 जणांचं पाचव्या ते नवव्या दिवसात. लवकर काढलेल्या 41 पैकी 18 मेले, म्हणजे 44 टक्के. उशिरा काढलेल्या 36 पैकी 9 मेले, 25 टक्के. जो उपचार जितका लवकर तितका चांगला असं सगळे शपथेवर सांगत होते, तो लवकर मिळालेलेच जास्त मेले होते. 1835 साली हे त्याने पुस्तकात छापलं.

पॅरिसच्या वैद्यक अकादमीत मोठा वाद झाला. विरोधकांचा मुद्दा असा, की प्रत्येक रोगी वेगळा, डॉक्टरचा अनुभव मोठा, माणसं म्हणजे मोजायची पोती आहेत का? मुद्दा ऐकायला बरा वाटतो. पण अनुभव सगळ्यांकडेच होता, आणि सगळ्यांच्याच अनुभवाने रक्त वाहत होतं.

इथे लेकीने मला अडवलं. "बाबा, 77 म्हणजे कमीच ना? योगायोग असेल तर?" बरोबर बोलली. तिने वही काढून हिशेब केला. लवकर किंवा उशिरा रक्त काढण्याने काहीच फरक पडत नसता, तरीही एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या आठ-दहा वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. शिवाय लुईने रक्त काढलेले आणि अजिबात न काढलेले अशी तुलना केलीच नव्हती. आकडे कमी पडतात हा आक्षेप लुईवर तेव्हाही घेतला गेला. 1840 मध्ये गावारे या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं, की मोजणं बरोबर आहे, पण रोगी शेकड्यांनी हवेत आणि चूक किती होऊ शकते तेही मांडायला हवं. वहीतल्या संख्याशास्त्राचा वैद्यकात शिरकाव झाला तो असा.

याचा एक धागा आपल्या मुंबईतही आहे. 1896 साली प्लेग आला. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा लस घेतलेले कैदी आणि न घेतलेले कैदी अशी तुलना झाली. एकच छप्पर, एकच जेवण. लस घेतलेल्यांत प्लेग कमी दिसला. कैद्याची स्वखुशी किती खरी, हा प्रश्न आज विचारायलाच हवा. पण लस नुसती टोचली नाही, न टोचलेल्यांशी ताडून पाहिली, हे महत्त्वाचं.

आता माझी चूक.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत गावात एक काढा वाटला जात होता. कोण वाटत होतं ते जाऊ द्या, हेतू चांगलाच होता. मी बातमी केली: काढा घेतलेले जवळजवळ सगळे रुग्ण ठणठणीत. फोटोसह. बातमी खूप फिरली. त्यात खोटं काही नव्हतं, ते लोक खरंच बरे झाले होते. पण काढा न घेतलेलेही बहुतेक जण बरेच होत होते, हे मी विचारलं नाही. कुणी घेतला आणि त्यातलं कोण गेलं, हेही नाही. जे गेले ते सांगायला येत नाहीत, त्यामुळे मला भेटले ते सगळे बरे झालेलेच.

काही दिवसांनी ओळखीच्या एकाचा फोन आला. वडिलांना दम लागत होता. बातमी वाचून घरीच काढ्यावर ठेवलं. दवाखान्यात नेईपर्यंत ऑक्सिजन फार खाली गेला होता. वडील गेले. तो मला एक शब्दही वाईट बोलला नाही. फक्त म्हणाला, "भाऊ, तुम्ही छापलं होतं म्हणून विश्वास ठेवला."

काढ्याने ते गेले असं मी म्हणत नाही. एका माणसावरून तेही सिद्ध होत नाही, हेही याच हिशेबाने मान्य करावं लागतं. पण माझ्या बातमीने दोन-तीन दिवस खाल्ले, हे मला माहीत आहे.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत. तुम्हीही ठेवा. फलाण्या औषधाने गुण आला, अमुक योजनेने इतके फायदा झाला असं कुणी म्हटलं, की विचारा: किती जणांपैकी? ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं? आणि ज्यांना गुण आला नाही ते मोजलेत का?

पुढारी सांगू दे, डॉक्टर सांगू दे, नाहीतर मी सांगू दे. माझ्याही बातमीखाली विचारा. राग येणार नाही.

लेकीचा पेपर सोमवारी आहे. संबंध काय, हे आता ती मलाच समजावून सांगते.