सागरी इंजिनाचा पाणीपंप

नदी-समुद्राचे पाणी खेचून इंजिनाच्या कूलरमधून फिरवणारा पंप. बोटीच्या बहुतेक डिझेल इंजिनांत पाण्याची दोन चक्रे असतात. आतले चक्र कूलंट मिसळलेल्या गोड्या पाण्याचे. बाहेरच्या चक्रात खारे पाणी येते, उष्णता घेते आणि पुष्कळदा एक्झॉस्टच्या धुराबरोबर बाहेर पडते. ही नोंद बाहेरच्या चक्रावरील रबरी इंपेलरच्या, म्हणजे पाकळ्यांच्या फिरत्या चाकाच्या, पंपाची आहे.

सातारा जिल्ह्यातल्या लोणंदच्या कांद्याच्या रानात दिसतो तसा शेतीचा पंप सेंट्रिफ्यूगल जातीचा. त्या पंपाचा धातूचा इंपेलर पंपाच्या घराच्या (केसिंगच्या) भिंतीला न टेकता फिरतो. बोटीवरचा रबरी इंपेलर मात्र भिंतीला घासूनच चालतो. घराच्या आत एका बाजूला कॅमचा उंचवटा असतो. तिथे पाकळ्या दुमडतात, पुढे गेल्यावर सरळ होतात, त्यांच्यामधली पोकळी वाढते आणि पाणी आत ओढले जाते. पुन्हा कॅमशी दुमडताना ते बाहेर ढकलले जाते. त्यामुळे नळीत हवा असली तरी हा पंप स्वतः पाणी उचलतो. पण पाणीच त्याचे वंगण असल्याने तो कोरडा चालला, तर काही मिनिटांत, कधी त्याआधीही, पाकळ्या करपून तुटतात.

खोलण्याआधी इंजिन बंद करून बोटीच्या बुडाची, पाणी आत घेणारी समुद्रझडप मिटावी. पुढची पितळी चकती काढल्यावर पाकळ्या कोणत्या दिशेला वळल्या आहेत ते टिपून ठेवावे. इंपेलर पुलरने ओढावा. दोन पेचकसांनी उचकटला की घराच्या कडेवर ओरखडे पडतात, आणि तिथूनच पुढे हवा शिरते.

मग पाकळ्या मोजाव्यात. या कामात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच. तुटलेला तुकडा नाहीसा होत नाही. तो नळीच्या वळणात किंवा कूलरच्या तोंडाशी अडकतो. तो न शोधता नवा इंपेलर बसवला, तर इंजिन तापतच राहते आणि दोष नव्या इंपेलरवर येतो.

चकतीवर गोल चर पडला असेल, तर पुष्कळ पंपांत ती उलटी करून वापरता येते. कॅम झिजला असेल, तर तो बदलावा. पॅकिंग मूळ जाडीचेच हवे. जाड घातले तर फट राहून ओढ कमी होते. नवा इंपेलर ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावून, फिरण्याच्या दिशेने पिळत आत सारावा. ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने काही रबरे फुगतात.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. हीच या दुरुस्तीची योग्य वेळ. बंद इंजिनात महिनोन्महिने दुमडून राहिलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या होतात, म्हणून इंपेलर काढून वेगळा ठेवणे चांगले. समुद्रापासून दूर, सातारा जिल्ह्यातही कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोली-तापोळ्याच्या बोटी चालतात. अशा गोड्या पाण्यात मिठाचा गंज नसतो, पण पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची रेती रबराला आणि चकतीला खरवडते. तिथे गाळणी वरचेवर साफ करावी लागते.

पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक असते. गिअरवर चालणाऱ्या पंपात ते पाण्याचे सील आणि तेलाचे सील यांच्या मधोमध असते. तिथून पाणी ठिबकले तर पहिले सील गेले, तेल आले तर दुसरे. रंगकामात हे भोक बुजले, तर खारे पाणी इंजिनच्या तेलात उतरू शकते. म्हणून जोडणी झाल्यावर समुद्रझडप उघडून इंजिन चालू करावे, एक्झॉस्टमधून पाणी येते का ते पाहावे आणि लगेच हे भोक तपासावे.