गॅस लीक झाला तर कुठे पसरेल? वाऱ्याची ३ मॉडेल्स

गॅस गळती झाली की पहिला प्रश्न: कोणती वस्ती आधी रिकामी करायची? उत्तर वाऱ्यावर ठरतं.

१) गॉसियन प्लूम: वारा एकाच दिशेने, एकाच वेगाने वाहतो असं धरतं. सेकंदांत उत्तर देतं. पण वारा मंद असेल किंवा मध्ये उंच इमारती असतील तर फसतं.

२) पफ: गॅसचे छोटे ढग समजून, वारा फिरेल तसा त्यांचा मार्ग बदलतं.

३) सीएफडी: प्रत्येक इमारतीभोवतीचे भोवरे दाखवतं. बारकावे जास्त, पण गणिताला तासन्‌तास लागू शकतात.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सल्फर हेक्साफ्लोराइड हा बिनविषारी वायू सोडून प्रत्यक्ष मोजमापं घेतली गेली. त्यांच्याशी अशी मॉडेल्स ताडून बघतात.

थोडक्यात, ऐनवेळी पहिली दोन. आधीच्या तयारीसाठी सीएफडी. वाऱ्याची नोंदच चुकली, तर तिन्ही चुकणार!