शब्द आपल्या दारी आला
मराठी मुलखातील शास्त्रश्रवणाचा मागोवा

डोंगरावर प्रभू येशूचे रूपांतर झाले, तेव्हा पेत्राला तीन मंडप उभारण्याची घाई झाली होती. त्याचे बोलणे पुरे होण्याआधीच मेघाने सर्वांवर छाया केली आणि पित्याची वाणी झाली. त्या वाणीने शिष्यांजवळ एकच मागणे केले: ह्याचे ऐका. मंडप बांधण्याविषयी ती काही बोलली नाही. ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे पाहताना हा प्रसंग आम्हांला वारंवार आठवतो. मंडप आपण पुष्कळ उभारले. देवळे बांधली, शाळा आणि दवाखाने काढले, आणि ही सेवा मोलाचीच आहे. परंतु ऐकण्याचे काय झाले? आपल्या मराठी मुलखात प्रभूचा शब्द लोकांच्या कानी कोणत्या वाटेने पोहोचला, कोठे अडला आणि पुन्हा कसा वाहू लागला, ह्याचा थोडा मागोवा घ्यावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

हा विचार करण्यास चंद्रपूरजवळचे ऊर्जानगर फार योग्य ठिकाण आहे. १९८३ साली येथील महाऔष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. दगडी कोळसा आणि इरई धरणाचे पाणी ह्यांच्या बळावर वीज निर्माण होते, आणि त्या विजेभोवती ही वसाहत उभी राहिली. वसाहत नोकरीची, म्हणून माणसे नाना मुलखांची. घरात बोलायची भाषा एक, शेजाऱ्याशी बोलायची दुसरी, मुलांच्या शाळेची तिसरी. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. थोडे पुढे गेले की ताडोब्याचे जंगल लागते, आणि पूर्वेला वैनगंगेपलीकडे गडचिरोलीचा माडिया-गोंडांचा मुलूख. यंत्रांची घरघर आणि रानाची शांतता ह्यांच्या मधोमध राहणाऱ्या श्रद्धावंताने प्रभूचे ऐकावे कसे, आणि कोणत्या भाषेत? हा प्रश्न नवा नाही. आपल्या पूर्वजांनीही तो विचारला होता.

पुराणाच्या ओवीतून

इ.स. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी गोव्यात उतरले. साष्टी भागात त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे वेचली. त्यांच्या भोवतीच्या नवख्रिस्ती लोकांची एक विवंचना होती. त्यांची जुनी पुराणे त्यांच्यापासून दूर झाली होती. सणासुदीला, उपवासाच्या दिवसांत, सायंकाळी एकत्र बसून ऐकावे असे हाती काहीच उरले नव्हते. प्रश्नोत्तरांची पुस्तिका पाठ करता येते, परंतु ती मनात रुजून राहत नाही. स्टीफन्स यांनी ही भूक ओळखली. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा आहे आणि दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र. ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या परंपरेतला ओवीछंद त्यांनी घेतला, आणि श्रोता शंका विचारतो व गुरू उत्तर देतो ही आपल्याकडची निरूपणाची रीतही स्वीकारली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुराण हे मुख्यतः ऐकायचे असते. एकजण वाचतो आणि सारे आळी मिळून ऐकते. न समजले तर विचारते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही त्यात स्थान असते. इंग्लंडचा हा पाद्री आधी स्वतः श्रोता झाला, इथल्या माणसांच्या तोंडची भाषा त्याने कानांत साठवली, म्हणूनच त्याला बोलता आले. पुढे १६५९ मध्ये फ्रान्सिस्को व्हाझ द गिमारायश यांचे पुराण लिस्बनमध्ये छापले गेले, आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती वस्त्यांत प्रभूच्या दुःखसहनाची कथा त्यातून ऐकली जाऊ लागली.

मात्र हा ओघ अखंड राहिला नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज आत्मसात करावी. एखाद्या समाजाची भाषा तोडली की त्याचे प्रार्थनेचे शब्दही मुकाट होतात. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी त्याच्या नकला पिढ्यान् पिढ्या जपल्या, आणि त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली तो पुन्हा छापला. सत्तेने जे बंद केले, ते घरांनी उघडे ठेवले. आपल्या कुटुंबांनी हा धडा विसरू नये.

नागपूरचा पंडित, नागपूरची गाडी

पुढचे पाऊल दूर बंगालमध्ये पडले, परंतु त्यात विदर्भाचा वाटा होता. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी भाषांतराचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांच्या साहाय्याला होते नागपूरकडील पंडित वैजनाथशास्त्री. १८०५ मध्ये मत्तयचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार छापून निघाला. मुंबईकडच्या मिशनऱ्यांना ही मराठी परकी वाटली, म्हणून त्यांनी निराळे भाषांतर सिद्ध केले. विद्वानांनी ह्या पहिल्या प्रयत्नातील उणिवा पुष्कळ दाखविल्या आहेत. तरीही नव्या कराराची पहिली छापील मराठी प्रत आपल्या विदर्भाच्या वळणाने बोलली, ह्याचा आनंद कोणाला होणार नाही?

त्याच विदर्भातून जाणाऱ्या आगगाडीत, पुढे सुमारे आठ दशकांनी, मराठी ख्रिस्ती साहित्याचे भाग्य उजळले. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे काव्यावर बोलणे झाले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी वाचन सुरू केले ते एका वचनापोटी. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच मात्र ते थांबले आणि त्या शब्दांपासून त्यांना दूर होता येईना. प्रवाशाने वाद घातला नव्हता, उपदेश केला नव्हता. त्याने पुस्तक दिले आणि तो बाजूला झाला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांना व लक्ष्मीबाईंना जे सोसावे लागले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. प्रभूचे ऐकण्याची किंमत पडते, हेही त्या घराने मराठी समाजाला दाखविले.

पंडिता रमाबाईंची कथा आणखी खोल जाते. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या ह्या विदुषीला वाटले की, प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या साध्या बाईला समजत नाही. मग त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि केडगावच्या मुक्तिसदनात बसून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ज्या स्त्रियांना समाजाने टाकले होते, त्यांच्याच हातांनी तेथे खिळे जुळविले आणि पाने छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. काम तोवर हातावेगळे झाले होते, आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला. ऐकणाऱ्यांतील सर्वांत लहान कोण, हे पाहून त्यांनी शब्द निवडले. भाषांतराची ह्याहून चांगली कसोटी आम्हांला माहीत नाही.

कॅथलिक घरातील मौन

केरी, टिळक, रमाबाई हे सारे आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या परंपरेतले. त्यांचे ऋण मान्य करताना एक कडू सत्यही मान्य केले पाहिजे. सोळाव्या शतकातील फाटाफुटीनंतर कॅथलिक घरांत बायबलविषयी एक प्रकारची भीती बसली. शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला जाऊ नये, ही चिंता योग्यच होती. पण तिचा परिणाम असा झाला की, सामान्य श्रद्धावंताला शास्त्र धर्मगुरूंच्या तोंडूनच, आणि तेही उपदेशापुरते, कळू लागले. मिस्सा लॅटिनमध्ये होई. लोक जपमाळ करीत, भक्तिभावाने गुडघे टेकीत. त्यांची श्रद्धा लटकी होती, असे कोणी म्हणू नये. जपमाळेच्या रहस्यांतून शुभवर्तमानाचे प्रसंगच त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत. तथापि येशूचे स्वतःचे बोलणे त्यांच्या कानी फार थोडे पडे.

ह्या मौनाला दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने वाचा दिली. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वेदीवर स्थान मिळाले. १८ नोव्हेंबर १९६५ च्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजाने शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांना खुले असावे, असे स्पष्ट केले, आणि शास्त्राविषयी अजाण असणे म्हणजे ख्रिस्ताविषयीच अजाण असणे, ह्या संत जेरोम यांच्या शिकवणुकीचे स्मरण दिले. १९६९ साली लॅटिन विधीसाठी रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे नवे चक्र ठरले. पुढे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. दार आता पूर्ण उघडे आहे. आत जाणे आपल्या हाती आहे.

चांद्याची धर्मभूमी

आता आपल्या घराकडे येऊ. ३१ मार्च १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी चांद्याची स्वतंत्र धर्मसीमा स्थापन केली आणि ती केरळमधील निष्कलंक मरियेच्या कार्मेलसंघाकडे सोपविली. केरळबाहेर सिरो-मलबार ख्रिस्तसभेला मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र. जानुआरियस पालाथुरुथी हे तिचे पहिले प्रमुख झाले. १९७७ मध्ये तिला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि बल्लारपूर येथे तिचे मुख्य मंदिर उभे राहिले.

ह्या वर्षात एक विलक्षण योग आहे. केरळमधील सिरो-मलबार उपासना तोपर्यंत सिरियाक भाषेत होत असे. ती भाषा येशूच्या मातृभाषेची जवळची बहीण. प्रभूच्या मुखातील शब्दांशी तिचे नाते इतके निकटचे. तरीही गावातल्या आजीला तिचा अर्थ उमगत नसे. १९६२ च्या जुलैमध्ये मलयाळममधील उपासना सुरू झाली. म्हणजे जे मिशनरी चांद्याला आले, त्यांना आपल्या मातृभाषेत पवित्र बलिदान अर्पण करण्याचे भाग्य नुकतेच लाभत होते, आणि लगेच त्यांच्यापुढे मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी माणसे उभी राहिली! प्राचीन ध्वनी कितीही पवित्र असो, ऐकणे पुरे होते ते समजल्यावर, हा धडा त्यांना दोन्हीकडून एकदम शिकावा लागला.

गोंडांच्या मुलखात आधी कान देणारे लोक पूर्वीही होऊन गेले होते. नागपूरला शाळा चालविणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी आणि कथा लिहून घेतल्या. १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला आणि त्यांचे टिपण १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. छिंदवाड्याला जेम्स डॉसन यांनी १८७० च्या दशकात शुभवर्तमानाचे काही भाग गोंडीत आणले. परंतु गोंडी ही एकच बोली नव्हे; छिंदवाड्याची गोंडी आणि भामरागडच्या माडियाची बोली ह्यांत अंतर आहे. शाळेत मराठी, बाजारात मराठी आणि उपासनेतही मराठी ऐकणाऱ्या माडिया मुलाला वाटू नये की, देवाला आपली बोली येत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. तो दिवस ह्या जंगलात अजून पुरता उजाडायचा आहे, आणि हे काम केवळ धर्मगुरूंचे नव्हे.

आज आपण काय करावे?

ऊर्जानगरसारख्या वसाहतीतील कुटुंबांपुढची अडचण आता निराळी आहे. पुस्तकांची टंचाई राहिलेली नाही. बायबल कपाटात आहे, खिशातल्या दूरध्वनीतही आहे. टंचाई आहे ती वेळेची आणि स्वस्थतेची. आईवडील मराठीत किंवा मलयाळममध्ये प्रार्थना करतात, मुले इंग्रजीत वाचतात, आणि एकाच घरात तीन भाषांत तीन मौने नांदतात. ज्या शब्दासाठी रमाबाई म्हातारपणी हिब्रूचे धडे गिरवीत बसल्या, तो फुकट मिळूनही आपल्या घरी न उघडता पडून राहिला, तर पुढच्या पिढीला आपण काय देणार?

उपाय साधा आहे आणि जुना आहे. पुराण ऐकण्याची रीत घरात पुन्हा आणावी. सायंकाळच्या जपमाळेआधी शुभवर्तमानाचा एकच परिच्छेद मोठ्याने वाचावा. आज बापाने, उद्या आईने, परवा लेकराने. रात्रपाळी असेल तर सकाळी वाचावा. वाचून झाल्यावर दोन मिनिटे कोणीही बोलू नये. मग ज्याला जे समजले नाही ते त्याने विचारावे. ख्रिस्तपुराणातल्या श्रोत्याप्रमाणे विचारावे, कारण प्रश्न विचारणे हाही ऐकण्याचाच भाग आहे. रविवारचे वाचन शनिवारी घरी एकदा होऊ द्यावे. शक्य असेल तेथे चार घरांनी एकत्र बसावे, आणि शेजारी एखादे माडिया किंवा तेलुगू कुटुंब असेल तर तोच परिच्छेद त्यांच्या तोंडून त्यांच्या भाषेत ऐकावा. अर्थ सांगताना ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा हात धरावा, म्हणजे वाट चुकत नाही.

बेथानीच्या मरियेने प्रभूच्या पायांशी बसून चांगला वाटा निवडला आणि तो तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही, असे प्रभूने मार्थेला सांगितले. आपल्या इतिहासाने त्याची साक्ष दिली आहे. फर्माने निघाली, छापील प्रती नाहीशा झाल्या, राज्ये बदलली. शब्द मात्र ऐकणाऱ्यांच्या घरी टिकला. तो आपल्या घरीही टिकावा, ही प्रभुचरणी प्रार्थना.